त्याला फळाच दिसत नव्हता

(सोलापूर येथे वस्ती-नेत्रतपासणीच्या स्वयंसेवकांच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरीच्या वर्गात पालावरून येणारा एक मुलगा होता. सारखा शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवायचा. मी रागावले, त्याला उठवून शेवटच्या रांगेत बसवलं. पुढे डोळे तपासणारे आले तेव्हा कळलं, पोराला फळाच दिसत नव्हता. मी त्याला आणखी लांब नेऊन बसवलं होतं! चष्मा बनून आला तोवर दिवाळी उलटली होती. आईबाप त्याला घेऊन ऊसतोडीला गेले होते. चष्मा कपाटात पडून राहिला. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

सरकारी तपासणी होत नाही असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. पण त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचं काय? आणि ज्याचं नावच पटावर नाही त्याचं? फासेपारधी वस्त्यांवर अशी मुलं पुष्कळ आहेत. म्हणून आपण वस्तीवर जातो.

तिथं गेल्या गेल्या वही उघडून नाव, गाव, वय विचारू नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या लोकांच्या आजा-पणजांना हजेरीला उभं केलं. सोलापुरात त्यासाठी तारेचं कुंपण होतं. सेटलमेंट हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. कायदा १९५२ साली गेला, पण गाडीतून उतरून नावं लिहिणारा माणूस दिसला की बायका अजून पोरं घेऊन आत जातात. त्यांना दोष देऊ नका. आधी म्हाताऱ्या माणसांशी बोला, तक्ता लावा, पोरांना खेळायला बोलवा. वही सगळ्यात शेवटी.

तक्ता इंग्रजी ई अक्षराचा आहे. त्याला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. अक्षराची बोटं वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, तेवढं मुलानं हातानं दाखवायचं. अंतर सहा मीटर, म्हणजे वीस फूट. टेप लावून मोजा, पावलांनी नको. उजेड तक्त्यावर हवा, मुलाच्या तोंडावर नको. आणि एकेक डोळा वेगळा तपासा. दुसरा डोळा तळहातानं झाका. बोटांच्या फटीतून पोरं हमखास बघतात, मीही लहानपणी बघायचे.

एकेक डोळा का, ते सांगते. एक डोळा चांगला असला की मूल सगळं निभावून नेतं. तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी दिसणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. मग मेंदू त्या अधू डोळ्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टी मिळाली तर तो बराच सुधारतो. पुढं ते अवघड होत जातं. म्हणून पाच-सहा वर्षांची पोरं आधी पुढं घ्या. मोठी थांबतील.

ज्याला बारीक ओळी दिसत नाहीत त्याला सुईच्या जाडीचं भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून बघायला लावा. त्यातून स्पष्ट दिसलं तर बहुतेक चष्म्याचं काम आहे. नाही दिसलं तर डॉक्टरांनी लवकर बघायला हवं. संध्याकाळी ठेचकाळणारं, बुबुळाशेजारी फेसासारखा पांढरा डाग असलेलं मूल दिसलं तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ते अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण आहे.

आता चष्मा. 'पोरीला चष्मा लागला तर लग्न कसं व्हायचं?' हे ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका. तिच्या डोळ्यावर चष्मा चढवा आणि लांबच्या झाडाची पानं आईदेखत मोजायला लावा. शाळेत 'ढापण्या' म्हणून चिडवतात, त्यामुळे पोरं चष्मा दप्तरात ठेवतात. गुरुजींना आधी भेटून या. थोरल्याचा जुना चष्मा धाकट्याला घालतात, तेही बघा.

गणपती उठले की तपासणी, आणि दसऱ्यापर्यंत चष्मा हातात, असं यंदा ठरवू. दिवाळीनंतर वस्ती रिकामी होते. तरी एखादा चष्मा मागं राहीलच. म्हणून वहीत मुलाच्या नावापुढं मुकादमाचा फोन आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या. कोपीवर जाऊन चष्मा द्यायचा आहे. गाडीभाड्याचं मी बघते.