वनभोजनाची पंगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा कार्तिकात आवळीभोजनाला महाराजबागेत जावे की हॉटेलात जेवण ठेवावे, यावर आपल्या मंडळात दोन पक्ष पडले आहेत. मी बागेच्या बाजूची. का, ते थोडक्यात सांगते.

महाराजबाग भोसले राजांची. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि बागही त्यांच्याकडे गेली. १८९४ साली तिथे प्राणिसंग्रहालय झाले. आज तिचा कारभार कृषी विद्यापीठाकडे आहे. राजाच्या बागेत आज कुणीही सतरंजी अंथरून बसावे, ही काय लहान गोष्ट आहे? आणि ती लांबही नाही. सुभाषनगरला मेट्रोत बसले की झाशी राणी चौकात उतरावे. तिथून बाग जवळच.

हॉटेलात माणशी जे बिल येते, ते आपल्यातल्या प्रत्येकीला झेपेलच असे नाही. जिला झेपत नाही ती तसे बोलत नाही. "त्या दिवशी घरी पाहुणे आहेत," असे सांगून ती घरी राहते. बागेत मात्र एकीने रोडगे आणावे, दुसरीने वांग्याची भाजी, तिसरीने सांबारवडी. जिला काहीच जमत नाही तिने चार संत्री आणावी. पंगतीत कुणाची वर्गणी किती, हे पत्रावळीवर दिसत नाही.

रोडगे मात्र घरूनच भाजून न्यावे. गोवऱ्यांच्या आरावरची चव खरी, पण बागेत वाळलेला पाला असतो. तिथे विस्तव नको. रोडगा जाडसर कणकेचा, मोहन घातलेला. तो गार झाला तरी बिघडत नाही. तूप मात्र सढळ हाताने घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. आपण रोज सगळ्यांना वाढून शेवटी बसतो. तेव्हा भाजी संपलेली असते आणि पोळी गार झालेली असते. या पंगतीत तसे नको. अर्ध्या जणींनी आधी वाढावे, मग त्यांनी बसावे आणि जेवून उठलेल्यांनी त्यांना वाढावे. आग्रह करून वाढलेला घास आपल्या वाट्याला वर्षातून एकदा तरी यावा.

दुसरे असे, की हळदीकुंकवाचे बोलावणे ज्यांच्या घरी जात नाही, त्या भगिनींना पहिले आमंत्रण द्यावे. आवळीची सावली कुणाचे कपाळ पाहून पडत नाही.

जाताना पळसाच्या पत्रावळी न्याव्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ती नकोच. मुलांना बजावून ठेवावे, की पिंजऱ्यातल्या प्राण्यांना आपल्या डब्यातले काही घालायचे नाही; आपला खाऊ त्यांच्या पोटाला सोसत नाही. निघताना दोघींनी पिशवी घेऊन फिरावे आणि संत्र्याची सालेसुद्धा उचलावी.

निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. बहुमत हॉटेलाकडे गेले तर मीही आनंदाने येईन. फक्त मत देताना, त्या दिवशी कोण घरी राहील, याचा विचार प्रत्येकीने करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.