माईकमधली टर्र आणि हौशी रेडिओवाले

(हैदराबाद येथे मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षीची ऋषिपंचमीची सकाळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. महिला मंडळाची अथर्वशीर्षाची आवर्तने सुरू होती. अकराव्या आवर्तनाला स्पीकरमधून 'टिक्-टिक्-टर्रर्र' असा आवाज येऊ लागला आणि थांबेना. शेवटी माईक बंद करून आवर्तने पुरी करावी लागली. मागे बसलेल्या आजी-आजोबांना काहीच ऐकू गेले नाही.

आम्ही ध्वनिव्यवस्था पाहणारे तिघे अँप्लिफायरपाशी धावलो आणि सगळा राग माईकवाल्या मुलावर काढला. "साब, सेट बराबर है," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आम्ही ऐकले नाही. चारचौघांत त्याला सुनावले आणि बिलातून पाचशे रुपये कापले.

दुसऱ्या दिवशी एका सभासदाचे शेजारी सहज दर्शनाला आले. ते हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. हकिगत ऐकून ते हसले. त्यांनी प्रसादाची रिकामी टोपली मागवली, व्यासपीठाजवळच्या सगळ्यांचे फोन तिच्यात गोळा केले आणि टोपली दाराबाहेर ठेवली. टर्र गायब! मग त्यातला एक फोन अँप्लिफायरजवळ आणून त्यावर रिंग द्यायला सांगितले. घंटी वाजायच्या आधीच टर्र हजर. तो फोन आमच्याच तिघांपैकी एकाचा होता.

त्यांनी समजावले ते असे. जुन्या टू-जी पद्धतीत एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते, म्हणून फोन सलग बोलत नाही, ठोके देतो. माईकची लांब वायर एरियलसारखी ते ठोके पकडते. मूळ लहर आपल्या कानांना ऐकू येण्याजोगी नसते; पण अँप्लिफायरमधले भाग ठोके तेवढे वेगळे काढतात आणि तीच टर्र. आपल्या सभागृहात सिग्नल कमी. अशा ठिकाणी फोन अधिक जोर लावतो, म्हणून त्रासही अधिक.

उपाय साधे निघाले. फोन लांब ठेवायचे. अंतर दुप्पट झाले की लहरीचा जोर साधारण चौथ्या हिश्शावर येतो. माईकला जाळीच्या आवरणाची, तीन पिनांची वायर लावायची. वायरीवर अँप्लिफायरच्या तोंडाशी फेराइटच्या कड्या बसवायच्या. त्यांनी स्वतः कड्या आणून बसवल्या आणि मानधनाचे नाव काढू दिले नाही. "आमच्या परवान्यावर कमाई करायची नसते, आणि शेजाऱ्याच्या टीव्हीत आमचा आवाज शिरला तर तो शोधायची आम्हाला सवय असते," एवढेच म्हणाले. आपण हौशी नाटके करतो, तशीच ही हौस.

पण ही हौस केवढी उपयोगी पडते, हे आपल्या शहराला ठाऊक हवे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था हैदराबादचीच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली तिचे पथक रेडिओच्या हौसेपायी अंदमानला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून याच मंडळींनी निरोप पोचवले. कोण सुखरूप आहे, हे अनेक घरांना रेडिओवरून कळले.

वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही सरकारी परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. आपल्या मुलांनी ही विद्या जरूर शिकावी.

आता आमचे स्वतःचे. आम्ही तिघे त्या मुलाच्या दुकानात गेलो, कापलेले पाचशे रुपये परत केले आणि माफी मागितली. पैसे त्याने घेतले; माफीवर तो काही बोलला नाही. पण ज्यांच्यासमोर त्याचा अपमान केला ते तुम्ही सगळे. म्हणून तुमच्यासमोर आज सांगतो : चूक त्याची नव्हती, आमची होती. यंदाही माईक तोच सांभाळतो आहे. पुन्हा टर्र ऐकू आली, तर त्याच्याकडे पाहू नका. आधी आपापले खिसे चाचपा.

गणपती बाप्पा मोरया!