धीर आणि तारीख



येणाऱ्या काळासाठी ख्रिस्ती मंडळीला तिचे संदेष्टे धीर कसा देत आले, हा आमचा आजचा विषय आहे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने धर्मग्रंथावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्ही धर्मशिक्षणाच्या कोणत्याही शाळेत गेलो नाही. इतर शाळाही फारशी पाहिली नाही. जे थोडेबहुत वाचले ते कामावरून आल्यावर, दिव्याखाली बसून वाचले. परंतु लोकांना धीर देणे हे आमचे रोजचेच काम आहे आणि त्या कामात आम्ही एकदा मोठी चूक केली आहे. त्या चुकीमुळेच हा विषय आम्हाला कळला, असे म्हटले तरी चालेल.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतो. 'मंडळी' म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात चर्च, म्हणजे एकत्र जमून उपासना करणारी माणसे. आणि 'संदेष्टा' म्हणजे ज्योतिषी नव्हे. ज्योतिषी उद्या काय घडेल ते सांगतो. संदेष्टा हा निरोप्या आहे. ज्याने पाठवले त्याचा निरोप, ऐकणाऱ्याला रुचो अगर न रुचो, त्याने जसाच्या तसा पोहोचवावयाचा असतो.

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत उपासना होते. बारा वाजतात, लोक एकमेकांना शुभेच्छा देतात आणि पुष्कळ ठिकाणी नव्या वर्षासाठी बायबलातील एखादे वचन निवडून दिले जाते. यिर्मया संदेष्ट्याच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन लोकांना फार आवडते. देवाच्या मनात तुमचे वाईट नाही, भले आहे, तुमच्यापुढे आशा आहे, असा त्याचा आशय आहे. कॅलेंडरांवर ते छापलेले असते. आमच्याही भिंतीवर वर्षानुवर्षे होते. परंतु त्याच्या अगदी आधीचे १० वे वचन आम्ही कोणत्याही कॅलेंडरावर पाहिले नाही. त्यात असे सांगितले आहे की, बाबेलची सत्तर वर्षे भरली म्हणजे देव तुम्हाला परत आणील. सत्तर वर्षे! ज्या प्रौढ माणसांना ते पत्र वाचून दाखवले गेले, त्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. भिंतीवरच्या त्या गोड वचनाला ही कडू पाठ आहे.

हे पत्र कशासाठी लिहिले गेले ते पाहा. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि तेथील राजा, सरदार, तसेच कारागीर आणि लोहार यांना धरून नेले. हातात कसब असलेली माणसे जेत्याला नेहमीच हवी असतात. मागे राहिलेल्यांत आणि धरून नेलेल्यांत एकच प्रश्न होता : हे कधी संपणार? तेव्हा हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत! दोन वर्षांत राजा परत येईल, मंदिराची लुटलेली भांडी परत येतील. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत असे, कारण पारतंत्र्य लवकर टळणार नाही हा त्याचा निरोप होता. हनन्याने ते जू काढून सर्वांदेखत मोडले. लोकांना किती बरे वाटले असेल!

यावर यिर्मया काय म्हणाला? तो म्हणाला, आमेन. देव तसेच करो. आम्हाला ही जागा फार हृदयस्पर्शी वाटते. त्यालाही तेच हवे होते. आपल्या लोकांनी सत्तर वर्षे परक्या मुलखात काढावी असे कोणाला वाटेल? तो त्या वेळी निघून गेला. पुढे तो परत आला तो एवढेच सांगावयास, की लाकडाचे जू मोडलेस, त्याच्या जागी आता लोखंडाचे येईल. आणि बाबेलात असलेल्यांना त्याने पत्र धाडले : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले चिंता. म्हणजे जे दिवस वाट पाहण्यात वाया जाणार होते, त्या दिवसांना त्याने काम दिले.

पुढे इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचा पुरता विध्वंस झाला. त्याआधी, शहराला वेढा पडलेला असताना आणि स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, यिर्मयाने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ गावचे शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले. शत्रूच्या फौजा ज्या मुलखात उतरल्या आहेत, तेथले शेत! खरेदीखत साक्षीदारांसमोर करून त्याने ते आपला लेखक बारूख याच्या हाती दिले आणि मातीच्या मडक्यात ठेवावयास सांगितले, की ते पुष्कळ दिवस टिकावे. लोकांना धीर देताना त्याने आपल्या गाठीचे पैसे घातले. इ. स. पूर्व ५३९ मध्ये कोरेश राजाने बाबेल घेतले आणि त्यानंतर लोक परतू लागले. यिर्मया ते पाहावयास नव्हता.

आता आमची चूक सांगतो. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या संपाचा शेवट कधी रीतसर जाहीर झालाच नाही. चाळीत दर सणाला कोणी ना कोणी नवी तारीख घेऊन येई. होळीच्या आत, गणपतीच्या आत, दिवाळीच्या आत. त्या तारखांनी घरांतली भांडी कशी विकली गेली ते आम्ही पाहिले होते. तरीही पुढे, एका नगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचा संप आमच्या शब्दावर उभा असताना, तिसऱ्या दिवशी भर पावसात हजेरीच्या चौकीपुढे लोक गळाठलेले दिसले आणि आमच्या तोंडून निघून गेले, 'गणपतीच्या आत मिटतंय!' त्याला काडीचाही आधार नव्हता. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

गणपती गेले, नवरात्र गेले. माणसे एकेक करून खाली मान घालून कामावर परतली. त्यांत आमच्याच मंडळीतली एक बाई होती. रविवारी उपासनेला ती आमच्या मागच्या बाकावर बसे. ती म्हणाली, 'दादा, हरलो त्याचं काही नाही. पण तुम्ही तारीख कशाला सांगितली? मी गणपतीपर्यंतच्या बेतानं बांगड्या गहाण टाकल्या. ठाऊक नाही म्हणाला असता, तर पोराला आधीच बहिणीकडे धाडलं असतं, धान्य पुरवून पुरवून वापरलं असतं.'

त्या रात्री आम्ही हनन्याची गोष्ट पुन्हा वाचली आणि आम्ही कोण ते आम्हाला कळले.

हेच काम एका माणसाने कसे केले पाहा. तोही सफाई कामगारांचाच संप होता, पण अमेरिकेतला. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे कामगार, कचरा दाबणारे यंत्र एकाएकी चालू होऊन चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांच्या मागण्या साध्या होत्या : संघटनेला मान्यता, सुरक्षित गाड्या, बरा पगार. त्यांच्या हातातील फलकांवर एवढेच लिहिलेले असे, की मी माणूस आहे.

या संपाच्या पाठीशी शहरातील काळ्या लोकांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या समितीचे प्रमुख होते जेम्स लॉसन नावाचे मेथॉडिस्ट पाळक. महाराष्ट्राने हे नाव विसरू नये. हे गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत होते. माँटगोमेरी गावी काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. हेच लॉसन २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी मेम्फिसच्या कामगारांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावून घेतले.

२८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा मेला. किंग यांच्यावर चोहोकडून टीका झाली. तरी ते परत आले. ३ एप्रिलच्या रात्री शहरावर वादळ घोंघावत होते, किंग थकलेले होते आणि सभेला जाणारही नव्हते. पण मेसन टेंपल या देवालयात लोक त्यांची वाट पाहत बसले आहेत असा फोन आला, तेव्हा ते उठून गेले.

त्या रात्री ते काय बोलले याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. संप अमुक दिवशी मिटेल असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी कामे सांगितली : अमक्या कंपन्यांचा पाव आणि दूध घेऊ नका, आपले पैसे काळ्यांच्या मालकीच्या बँकेत ठेवा, सगळे मिळून मोर्चाला या. स्वर्गाविषयी जरूर बोलावे, पण ज्या मुलांना इथे पोटभर जेवण नाही त्यांची चिंता करण्याची आज्ञा देवानेच केली आहे, असे त्यांनी पाळकांना सांगितले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्यांनी घेतला : वाटेत जखमी पडलेल्या माणसासाठी मी थांबलो तर माझे काय होईल, असे विचारू नका, मी थांबलो नाही तर त्याचे काय होईल, असे विचारा. आणि शेवटी मोशेसारखे डोंगरावरून वचनदत्त देश पाहिल्याचे सांगून ते म्हणाले, की कदाचित मी तुमच्याबरोबर तेथे पोहोचणार नाही, परंतु आपले लोक पोहोचतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता आणि पगारवाढ दिली.

बंधुभगिनींनो, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर यांची हकीकत आपल्याला परकी नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला. गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरीही माणसे गटारात मरतच आहेत. कंत्राटी कामाचा काळ लवकर सरेल असेही दिसत नाही. अशा काळात मंडळीतला कोणी उभा राहून, यंदा सगळे बदलणार, असे म्हणाला, तर टाळ्या पडतील. आमचे मागणे वेगळे आहे. येत्या ३१ डिसेंबरला ११ वे वचन वाचाल तेव्हा आधी १० वे वाचा, आणि मागे जाऊन घरे बांधण्याची, शहराचे भले चिंतण्याची वचनेही वाचा. मग ठरवा, की रविवारी दुपारी रिकाम्या राहणाऱ्या आपल्या सभागृहात या कामगारांची बैठक होऊ शकेल की नाही. देवाचे वचन खोटे नाही, असे आम्ही मानतो. ते आपल्या हयातीत पुरे होईल, असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

त्या हरलेल्या संपानंतर दोन वर्षांनी पुन्हा लढा द्यावा लागला. पहिल्याच सभेत आम्ही सांगितले, किती दिवस लागतील ते आम्हाला ठाऊक नाही. घरी बसून तीन महिन्यांचा हिशेब करा आणि मगच हात वर करा. टाळ्या पडल्या नाहीत. सभा उठल्यावर त्या बाईने धान्याच्या निधीची वही मागून घेतली आणि आपल्या नावापुढे पाच किलो तांदूळ लिहिले. आमचेही नाव तिनेच लिहिले, आणि आम्हाला न विचारता त्यापुढे दहा किलो मांडले.