ग्राहकाच्या मनातील दुफळी



ॲमेझॉन या कंपनीविषयी ग्राहकाला काय वाटते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. ज्याला वस्तू हवी असेल त्याने ती मागवावी, नको असेल त्याने मागवू नये. यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु ज्या घरात त्या कंपनीचे तपकिरी खोके वरचेवर येते, त्याच घरात तिच्याविषयीचा तक्रारीचा सूरही ऐकू येतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. वस्तू वेळेवर आली की समाधान वाटते. खोके देऊन घाईघाईने जिना उतरणाऱ्या तरुणाकडे पाहिले की मन खजील होते. चार पैसे वाचल्याचा आनंद असतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानदारासमोरून जाताना नजर चुकवावी लागते.

या दुफळीला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अनेक कार्यकर्ते तसे म्हणतातही. गरीब मजुराविषयी हळहळायचे आणि मागणी मात्र त्याच कंपनीकडे नोंदवायची, हा मध्यमवर्गीय दांभिकपणा आहे, असा त्यांचा निष्कर्ष असतो. काही कार्यकर्ते याच्या उलट टोकाला जातात. लोकांना जे हवे तेच बाजार देतो, मग तक्रार कशाची, असे म्हणून ते खांदे उडवितात. पहिला ग्राहकाला दोष देतो, दुसरा त्याला वाऱ्यावर सोडतो. ग्राहकाच्या मनात हा विरोध मुळात उत्पन्न का होतो, याचा शोध मात्र दोघांपैकी कोणीच घेत नाही.

ग्राहकाला ही व्यवस्था आवडते यामागे खरी कारणे आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या तालुक्याच्या गावी पुस्तकाचे एकही दुकान नाही, तेथील वाचकाला हवे ते पुस्तक घरपोच मिळते. ज्या अपंग माणसाला बाजाराच्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्याला कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. दुकानदाराच्या नजरेत स्वतःची जात, कपडे वा ऐपत तोलली जाण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना चेहरा नसलेला हा बाजार अधिक सुसह्य वाटतो. नापसंत वस्तू परत करता येते, ही तर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचत वाढलेल्या पिढीला केवढी तरी सवलत वाटते.

म्हणूनच जुन्या व्यापाऱ्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली हाती लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या साठेबाजी आणि भाववाढ यांच्या विरुद्ध. ते साठेबाज परदेशी नव्हते. छोट्या दुकानदाराच्या उपजीविकेचा प्रश्न खरा आहे, परंतु त्याला संत ठरवून तो सुटणार नाही. ज्या गृहिणीने त्याच्या वजनात मार खाल्ला आहे, तिला ते पटणारही नाही.

मग ग्राहकाचे मन खाते ते का? याचे उत्तर शोधण्यासाठी ज्या देशात ही कंपनी जन्मली त्या अमेरिकेकडे वळावे लागते. १९९४ साली जेफ बेझोस यांनी ती स्थापन केली आणि १९९५ च्या जुलैमध्ये पुस्तकांची विक्री सुरू झाली. अमेरिकेत मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा १८९० पासून आहे. परंतु १९७८ साली रॉबर्ट बोर्क यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ग्राहकाचे हित हीच या कायद्याची कसोटी, हा विचार पुढे तेथील न्यायालयांत रुजला. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की, ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळत असेल तर कंपनी कितीही मोठी झाली तरी सहसा बिघडत नाही. २०१७ साली येल येथे कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या लीना खान यांनी एका प्रदीर्घ लेखात या कसोटीलाच आव्हान दिले. आजची कमी किंमत पाहून उद्याची सत्ता दिसत नाही, आणि ज्या रस्त्यावरून सर्व विक्रेत्यांना जावे लागते तो रस्ताच एका विक्रेत्याच्या मालकीचा झाला तर स्पर्धा नावापुरती उरते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

या वादातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या सिद्धांताने मक्तेदारीला मोकळी वाट दिली, त्याने माणसाला केवळ ग्राहक मानले. परंतु कोणीही माणूस केवळ ग्राहक नसतो. तो सकाळी कोठेतरी कामावर जातो, त्याचा भाऊ दुकान चालवितो, त्याचा मुलगा नोकरीच्या शोधात असतो, आणि पाच वर्षांनी तो मतही देतो. कमी किमतीने त्याच्यातील ग्राहक सुखावतो. त्याच्यातील कामगार, बाप आणि नागरिक मात्र अस्वस्थ राहतात. त्याच्या मनातील दुफळी ती हीच. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. ती त्याच्या शाबूत असलेल्या विवेकाची खूण आहे.

शिवाय ज्या ग्राहकाच्या नावाने हे सारे चालते, त्याचे हित तरी सांभाळले जाते काय? लीना खान पुढे २०२१ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या आयोगाने १७ राज्यांच्या साथीने ॲमेझॉनवर मक्तेदारीचा खटला दाखल केला. जो विक्रेता अन्यत्र स्वस्त विकतो त्याचा माल शोधात मागे लोटला जातो आणि विक्रेत्यांवर लादलेल्या आकारांचा भार शेवटी किमतीत उतरतो, असा त्यातील आरोप आहे. हा आरोप आहे, निकाल नव्हे. कंपनीने तो नाकारला आहे. वार्षिक वर्गणीच्या 'प्राइम' योजनेविषयीचा दुसरा खटला मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोडीने मिटला आणि कंपनीने अडीच अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. अपराध मान्य केला नाही. सभासद होणे सोपे आणि सभासदत्व सोडणे बिकट, अशी रचना केल्याचा आयोगाचा आक्षेप होता. सोडण्याच्या त्या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असे आयोगाच्या तक्रारीत नमूद आहे. होमरच्या प्रदीर्घ युद्धकाव्याचे हे नाव पुरेसे बोलके आहे.

आता ज्यांच्या श्रमांवर ही सोय उभी आहे, त्यांच्याकडे पाहावे. १ एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधील गोदामात कामगारांनी २,१३१ विरुद्ध २,६५४ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेतील या कंपनीच्या गोदामात असे प्रथमच घडले. कंपनीने तो कौल मानला नाही. भारतातही चित्र फारसे निराळे नाही. जून २०२४ मध्ये हरयाणातील मानेसरच्या गोदामासंबंधी बातम्या आल्या. ठरलेले काम पुरे होईपर्यंत पाणी पिण्यास वा लघवीस न जाण्याची शपथ कामगारांना घ्यावयास लावली, असे त्यांत म्हटले होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठविली. दोन दिवसांची वस्तू एका दिवसात येते तेव्हा तो वाचलेला दिवस कोणाच्या तरी विश्रांतीतून कापून घेतलेला असू शकतो, हे येथे उघड होते.

ग्राहकापुढे ही कंपनी अजिबात नमत नाही, असे मात्र नाही. २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने तिच्या व्यवहारात मराठीचा पर्याय हवा म्हणून आंदोलन केले. त्यात पुण्यामुंबईत तोडफोड झाली, ती समर्थनीय नव्हती. पण मागणी रास्त होती, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मराठीचा पर्याय उपलब्ध झाला. यातून बोध एवढाच घ्यावयाचा की, एकेकट्या ग्राहकाची कुरकूर ऐकली जात नाही, सामुदायिक मागणीकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते. खंत अशी की, ती मागणी दुकानाच्या पाटीपाशी थांबली. खोके बांधणारा आणि पोहोचविणारा मराठी तरुण किती तास राबतो, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

तो प्रश्न विचारण्यास आता आधार आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालक-नोकर नाते मान्य नसलेल्या, ॲपवर काम करणाऱ्या श्रमिकांचा उल्लेख तीत आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी देण्याची तरतूदही आहे. कायद्याचे कलम आपोआप कोणाच्या घरी पोहोचत नाही. त्या श्रमिकांची नोंदणी करणे, अपघातानंतर त्यांना हक्क मिळवून देणे, त्यांची संघटना बांधणे ही कार्यकर्त्यांची कामे आहेत.

दुसरे काम ग्राहकांच्या संघटनेचे आहे, आणि त्याची परंपरा याच भूमीत आहे. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीतील छोट्या दुकानातून पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबे गट करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात आणि घाऊक आणलेला माल स्वतःच वाटून घेतात. हे प्रयोग ॲमेझॉनला पर्याय ठरतील, असा भ्रम नको. त्यांची निवड मर्यादित आहे आणि त्यांना वेळ द्यावा लागतो. परंतु स्वस्ताई आणि माणुसकी यांपैकी एकच निवडावे लागते असे नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले आहे.

म्हणून कार्यकर्त्याने ग्राहकाच्या दारी बहिष्काराची शपथ घेऊन जाऊ नये. ज्या आजारी म्हातारीचे औषध वा मोजे खोक्यातून येतात, तिला लाज वाटावयास लावणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. त्याने तिच्या अस्वस्थतेला शब्द द्यावेत. खोके घेऊन येणाऱ्या मुलाला पाणी विचारणारी ती म्हातारी या लढ्यात अर्धी सामील झालेलीच आहे. त्या मुलाची संघटना व्हावी म्हणून काढलेल्या पत्रकावर तिची सही मिळविणे, हे उरलेले अर्धे काम आहे.