निवृत्तीचें वय आणि घरची बोली

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत बालकांचे खेळ झाले, तरुणांचें गायन झालें, आणि आजचा दिवस नोकरीधंद्यांतून निवृत्त झालेल्या आपणां सर्वांसाठीं राखून ठेविला आहे. ज्येष्ठांपुढें उभें राहून उपदेश करूं नये असा शिष्टाचार आहे. उपदेशाचा अधिकार वयानें येतो, आणि आम्ही तर अजून पन्नाशींतलेच आहों. म्हणून आपल्याच घरांत ऐकूं येणाऱ्या चार शब्दांविषयीं आपणांशीं गोष्टी कराव्या, इतकाच आमचा आजचा हेतु आहे.

प्रथम 'निवृत्ति' हाच शब्द घेऊं. लोक त्याचा अर्थ काम सुटणें असा करितात. परंतु संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ मागें वळणें, परत फिरणें असा आहे. दर महिन्यास आपल्या हातीं जो 'पगार' पडत असे, तो शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ पैसे चुकते करणें असा होतो. आतां जी 'पेन्शन' मिळते ती लॅटिन घराण्यांतली. पूर्वीं पैसा तोलून देत, त्या तोलण्यावरून ती निघाली. पगारांत पैसा आहे, पेन्शनींत थोडा कमी आहे, आणि निवृत्तींत मुळींच नाहीं. तिच्यांत आहे ती केवळ घराकडे परतण्याची वाट.

ही वाट सर्वांस सोपी जाते असें मात्र नाहीं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं वसईहून चर्चगेटला रोज गाडीनें जाऊन-येऊन छत्तीस वर्षें कचेरीचा पत्रव्यवहार सांभाळिला. निवृत्त झाल्यावर ते घरीं आले, परंतु त्यांची जीभ कचेरींतच राहिली. पहिल्याच आठवड्यांत जेवतां जेवतां ते पत्नीस म्हणाले, "सदरहू कालवणांत मीठ कमी असल्याचें निदर्शनास आलें आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." त्या माउलीनें शांतपणें उत्तर दिलें, "मिठाचा डबा फडताळांत आहे. तोहि निदर्शनास येईल."

या विनोदावर आम्ही सर्व हंसलों. परंतु त्याच घरांत आम्हीं आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती हंसण्यासारखी नव्हती. आजोबा नातवंडांशीं इंग्रजींत बोलत. सूनमुलगा तर इंग्रजींतच बोलत. आजीस ती भाषा साधत नसे, आणि आपली बोली नातवंडांपुढें काढावयास तिला संकोच वाटे. दिवसभरांत ती मनमोकळेपणानें बोले ती अंगणांतील कोंबड्यांशीं. कोंबड्यांस तिचें सर्व बोलणें समजत असे, आणि त्या तिची आज्ञाहि पाळीत.

हा संकोच कां वाटावा? आपली बोली गांवंढळ आहे, अशुद्ध आहे, तींत परक्यांची भेसळ आहे, असें तिला कोणीतरी सांगितलेलें असतें. या भेसळीचा थोडा हिशेब आपण आज करूं. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें ती जिंकून घेतली. दोन शतकांची ती सत्ता संपली, परंतु तिचे शब्द आपल्या मुलखांतून गेले नाहींत. किल्ला गेला, चावी राहिली. परात, बादली, घमेलें, पिंप आणि फीत हीं सर्व पोर्तुगीज नांवांचीं मंडळी आज सबंध महाराष्ट्राच्या घरांत सुखानें नांदत आहेत. पाव आणि काजू त्यांच्याच पंगतींतले. हापूस आंब्याचें नांवहि अफोन्सो या पोर्तुगीज नांवावरून आलें. शुद्ध मराठीचा कडवा अभिमानी एकादशीस अन्न वर्ज्य करितो आणि बटाटा खातो. त्या बटाट्याचें नांव कोठून आलें हें त्यास उपवासाच्या दिवशीं सांगूं नये, इतका दयाभाव आपण बाळगावा. सारांश, ज्यांस प्रमाण भाषा म्हणतात तिच्या फडताळांत जर इतके पाहुणे आहेत, तर आपल्या कादोडीनें, वाडवळीनें किंवा कोळी बोलीनें मान खालीं कां घालावी?

बोलीवरून माणूस ओळखला जातो, हें शुभवर्तमानांतहि आलें आहे. प्रभूस धरून नेल्यानंतर संत पेत्र महायाजकाच्या वाड्यांत शेकत बसला होता. तोंडानें तो नाकारीत होता, परंतु त्याचे गालीली उच्चार जवळ उभे असलेल्यांच्या कानांवर पडले, आणि तूं त्यांच्यांतलाच आहेस हें त्यांनीं ताडलें. शहरांत आपणांपैकीं पुष्कळांस असाच अनुभव आला असेल, तोंड उघडतांच कोणीतरी विचारितो, "काय, वसईकडचे कां?" त्या वेळीं पेत्राप्रमाणें मान हालवावयाची कीं होय म्हणावयाचें, हें आपल्या हातीं आहे.

आणि पेत्राच्या प्रभूचें काय? संत मार्कानें शुभवर्तमान ग्रीक भाषेंत लिहिलें; त्या काळीं ती दूरदूरच्या देशांत समजली जाणारी भाषा होती. तरीहि याईराच्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून प्रभूनें काढिलेले शब्द त्यानें अरामी बोलींतच ठेविले: 'तलिथा कूम'. बहिऱ्याचे कान मोकळे करितांना 'एफ्फाथा' आणि गेथशेमनींत पित्यास हांक मारितांना 'अब्बा', हे शब्दहि त्यानें तसेच राहूं दिले. ग्रीक वाचकांसाठीं त्यानें अर्थ खालीं दिला, परंतु मूळ शब्द टाकिला नाहीं. आजारी मुलीस उठवावयाचें असो कीं मरणाच्या भीतींत बापास हांक मारावयाची असो, अशा वेळीं माणसाच्या मुखीं घरचीच भाषा येते, हें त्या लेखकानें जाणलें होतें. त्या मुलीस उठविल्यावर तिला कांहीं खावयास द्या असें प्रभूनें सांगितलें, हेंहि तो लिहावयास विसरला नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर या गोष्टीचें एक मोठें उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांनीं रचिलेलें मराठी ओंवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. ज्याची मातृभाषा इंग्रजी त्यानें आपल्या लोकांसाठीं मराठी जवळ केली, आणि ज्यांची मातृभाषा मराठी ते आपण स्वतःच्या नातवंडांसाठीं ती दूर सारावी, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो? आपल्यांतील सत्तरी ओलांडलेल्यांस लॅटिन मिस्सा आठवत असेल. पाठ केलेलीं उत्तरें मुलें धडाधड देत, आणि अर्थ परमेश्वरावर सोंपवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा लेख प्रसिद्ध केला आणि देशी भाषांस वेदीजवळ येण्याची वाट मोकळी झाली. पुढें आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वेदीनें आणि व्यासपीठानें आपल्या भाषेस जागा दिली. आतां जेवणाच्या पाटावर तिला जागा मिळावी, एवढेंच मागणें उरलें आहे.

हें मागणें आम्ही कां करीत आहों तें सांगतों. धर्मगुरूस रुग्णशय्येपाशीं वारंवार जावें लागतें. तेथें आम्हीं पाहिलें आहे कीं, चाळीस वर्षें इंग्रजींत कारभार केलेलीं माणसेंहि शेवटच्या दिवसांत आईच्या बोलींत बोलूं लागतात. अशाच एका घरीं एक वृद्धा अंथरुणाला खिळली होती. परदेशांत वाढलेला तिचा नातू मुद्दाम तिच्या भेटीस आला होता. पोर मोठें प्रेमळ होतें. ती पुनःपुन्हां कांहींतरी विचारी, आणि त्यास तें कळेना. त्यानें पाणी आणिलें, उशी सारखी केली, डॉक्टरांस फोन लाविला. शेवटीं शेजारची बाई आली आणि तिनें उलगडा केला: आजी विचारीत होती, "पोरा, तूं जेवलास कां?" तो मुलगा तिच्या पायांशीं बसून रडला. दोघांमध्यें प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती एका वाक्याची, आणि तें वाक्य त्यास लहानपणीं कोणीं दिलें नव्हतें.

आतां आपल्या महोत्सवाकडे वळूं. 'जुबिली' हा शब्द मूळ हिब्रू. त्याचा संबंध एडक्याच्या शिंगाशीं आहे, जें फुंकून पन्नासाव्या वर्षाची घोषणा होत असे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, त्या वर्षीं दासांस मुक्त करावें, विकली गेलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी, आणि प्रत्येकानें आपल्या कुटुंबांत परतावें. वडीलधाऱ्या मंडळीनों, पोटासाठीं आपण आपली जीभ तीस-पस्तीस वर्षें कचेरीकडे गहाण ठेविली. त्यांत लाज नाहीं; त्या पैशांवर मुलें शिकलीं आणि हें देवालयहि उभें राहिलें. परंतु तें कर्ज आतां फिटलें आहे, आणि हें वर्ष गहाण सोडविण्याचें आहे.

म्हणून एवढेंच करावें. रात्रीचें जेवण नातवंडांसह आपल्या बोलींत व्हावें, आणि निजण्यापूर्वीं एक प्रार्थना त्यांच्याबरोबर त्याच बोलींत म्हणावी. तीं इंग्रजींत उत्तर देतील, देऊं द्यावें. तीं उच्चारांस हंसतील, आपणहि हंसावें. त्यांचें इंग्रजी कोणी हिरावून घेत नाहीं, शाळा तें शिकवीतच आहे. परंतु आजीची बोली शिकविणारी शाळा आजीखेरीज दुसरी नाहीं, आणि त्या शाळेस निवृत्तीचें वय लागूं नाहीं.

ज्या प्रभूनें पित्यास घरच्या शब्दानें हांक मारिली, तो आपणां सर्वांस दीर्घायुष्य, आरोग्य आणि बोलतें घर देवो. आमेन.