मुलींची मासिक पाळी आणि शासनाची जबाबदारी

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय आपल्या शाखांच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा येत नाही. पुरुष कॉम्रेड तो 'बायकांचा प्रश्न' म्हणून महिला संघटनेकडे सोपवतात आणि महिला कॉम्रेडही तो चारचौघांत काढावयास कचरतात. परंतु ज्या कारणाने कष्टकऱ्यांच्या मुलींची शाळा बुडते, त्या कारणाला खाजगी बाब म्हणता येणार नाही.

पाळीच्या दिवसांत स्वच्छ राहण्यासाठी चार गोष्टी लागतात : कापड किंवा पॅड, पुरेसे पाणी, कडी लागणारे शौचालय आणि वापरलेले पॅड टाकण्याची सोय. ह्यांपैकी पहिली तेवढी दुकानात मिळते. बाकीच्या तीन सार्वजनिक व्यवस्थेनेच पुरवावयाच्या असतात. पॅडच्या जाहिरातींत ह्या तिन्हींचा उल्लेखही नसतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयाच्या सुमारे ७८ टक्के स्त्रिया पाळीसाठी आरोग्यदायी साधने वापरतात. सरासरी समाधानकारक वाटते. पण ती फोडून पाहिली की तिच्याआड दडलेले वर्ग दिसू लागतात. सर्वांत श्रीमंत पंचमांश कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे, तर सर्वांत गरीब पंचमांशात ५४ टक्के. बिहार राज्यात ते ५९ टक्क्यांच्या आसपास आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कापड वापरणारी मुलगी अडाणी नव्हे. सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले, तर ते अपायकारक नसते. पण पाण्याचा हंडा दुरून आणावा लागतो, साबण मोजून वापरावा लागतो आणि लाजेपोटी कापड घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळवावे लागते. रोगाचे मूळ ह्या टंचाईत आणि ह्या सक्तीच्या लाजेत आहे.

शासनाचे धोरण काय? जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा सिंदूर, टिकली व बांगड्या करमुक्त ठरल्या आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर बसला. देशभर निषेध झाल्यावर जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. हा चळवळीचा विजय होय, पण अपुरा. पॅड करमुक्त झाले तरी कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट उत्पादकाला मिळत नाही. शिवाय जिच्या घरी पॅडसाठी पैसेच उरत नाहीत, तिला करमाफीचा उपयोग काय?

ह्या बाबतीत केनियाचा अनुभव बोलका आहे. त्या देशाने पॅडवरील मूल्यवर्धित कर २००४ मध्येच काढला. तेवढ्याने भागले नाही. अखेर २०१७ मध्ये शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून, सरकारी शाळेतील वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पुरेसे पॅड मोफत देण्याची आणि त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. कायदा झाला म्हणजे पुरवठा आपोआप होत नाही, हे खरे. परंतु मागणीला कायद्याचा आधार मिळतो.

आपल्याकडे २०११ पासून केंद्राची योजना आहे : सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना, आशा सेविकेमार्फत. आशाला पाकिटामागे मोबदला किती? एक रुपया. एका स्त्रीचे श्रम कवडीमोलाने घेऊन दुसऱ्या स्त्रीची सोय करण्याचा हा प्रकार आहे. मुलींचा हक्क आणि आशांचे वेतन ह्या दोन मागण्या म्हणूनच एकत्र मांडल्या पाहिजेत.

आणि मुलीच्या वयात नाकारलेली सोय पुढे कोठवर नेते, हे महाराष्ट्रात बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये तेथील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाजगी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती हे एक कारण. पण फडात शौचालय नाही, कोपीत पाणी नाही आणि एक दिवस चुकला तरी मुकादम खाड्याचा दंड लावतो, ही त्यामागची परिस्थिती आहे. त्याच कोप्यांतून त्यांच्या मुली वयात येत आहेत.

तेव्हा कामे स्पष्ट आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शाळांची शौचालये स्वतः पाहावीत : पाणी येते का, दाराला कडी आहे का, कुलूप कोणी व का लावले आहे? मुलींसाठी स्वतंत्र शौचालय हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने घातलेले बंधन आहे. त्याच्या आधारे लेखी मागणी करावी. आशांच्या लढ्याच्या मागणीपत्रकात मोफत पॅडचा समावेश व्हावा. ऊसतोड कामगारांच्या करारात खाडा रद्द करण्याची आणि तळावर पाणी व शौचालय देण्याची अट घालावी.

आणि ह्या विषयावरची पुढची सभा केवळ महिलांची नसावी. जो कार्यकर्ता बोनसच्या टक्क्यावर तासभर बोलू शकतो, त्याला आपल्या मुलीच्या शाळेतील पाण्याच्या नळाविषयी पाच मिनिटे बोलता आलेच पाहिजे.