आकारापलीकडचा प्रश्न



आपल्या ओपीडीत प्रोस्टेटचा पेशंट सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतो आणि विचारतो, "५५ ग्रॅम म्हणजे ऑपरेशनच ना?" हे ग्रॅम मोजायला कृत्रिम बुद्धिमत्ता आता छान शिकली आहे. लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणायचं ही आपली रीत ग्रंथी लंबगोल आहे असं धरून चालते. संगणक एमआरआयच्या एकेका छेदावर ग्रंथीची कड आखून घनफळ काढतो. हा लाभच आहे. पण ३० ग्रॅमच्या ग्रंथीनं लघवी तुंबलेले आणि १०० ग्रॅमची घेऊन निवांत झोपणारे, असे दोन्ही आजोबा तुम्ही पाहिले आहेत. आकार बिनचूक कळला, तरी उपचाराचा निर्णय तेवढ्यावर होत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. धार सेकंदाला १० मिलिलिटरच्या खाली गेली, ती प्रोस्टेटच्या अडथळ्यामुळे की मूत्राशयच थकल्यामुळे? धारेचा वेग मोजणाऱ्या युरोफ्लोचा आलेख दोन्हीकडे सारखाच चपटा येऊ शकतो. मूत्राशय दुबळं असेल, तर ग्रंथी कोरून काढूनही पेशंट कॅथेटरसह परत येण्याची भीती असते. जुन्या मधुमेहात तर हे आधी तपासायलाच हवं. खात्री करायची तर युरोडायनॅमिक्स लागतं: मूत्राशयात एक नळी, गुदाशयात दुसरी. पेशंटला ते नकोसं होतं आणि तालुक्याच्या गावी ते यंत्र नसतं.

इथे मला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून खरी आशा दिसते. आलेखाचा आकार, मागे राहिलेली लघवी, वय, मधुमेह, इतकंच काय, मोबाइलवर टिपलेला धारेचा आवाज, यांतून अडथळा ओळखण्याचे प्रयत्न जगात सुरू आहेत. त्यातले बरेच अभ्यास एकेका रुग्णालयापुरते आणि लहान आहेत. आपला पेशंट "वय झालं, चालायचंच" म्हणत उशिरा येतो, कधी थेट लघवी अडल्यावरच. परदेशी नोंदींवर शिकलेलं यंत्र त्याच्याबाबतीत किती बरोबर ठरेल, हे आपणच तपासायचं आहे.

एक धोका युरॉलॉजी शिकणाऱ्या तरुणांनी विशेष लक्षात ठेवावा. फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा होतो. गोळ्यांची यादी न पाहता रिपोर्ट वाचणारं सॉफ्टवेअर त्या आकड्याला निर्धोक म्हणेल आणि कॅन्सर नजरेतून सुटेल. लक्षणांच्या ३५ गुणांच्या प्रश्नावलीचंही तसंच. सात प्रश्नांची उत्तरं घाईत, कुणीतरी पेशंटच्या वतीनं भरली, तर पुढचं सगळं गणित पोकळ पायावर उभं राहतं. ही प्रश्नावली मराठीत, शेजारी बसून, सावकाश विचारा. रात्री उठावं लागण्याचा त्रास किती होतो, हे त्यालाच सांगू द्या.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. ती वाचा. आणि ज्यांच्याकडे युरोडायनॅमिक्स आहे त्यांना माझी कळकळीची विनंती: प्रत्येक तपासणीआधी साधा युरोफ्लो करा आणि दोन्ही नोंदी पेशंटच्या संमतीनं, नाव वगळून, जपून ठेवा. आपल्या माणसांसाठी यंत्र घडवायचं तर सुरुवात या नोंदींपासून करावी लागेल, आणि ती याच वर्षी करू या.